हवेची वाट मोजून घासलेलं हेड

पाण्याच्या पंपावरचं माझं इंजिन रिकामं फिरताना ३६०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर, व्यवस्थित टिकायचं. डिलिव्हरी पूर्ण उघडली, पाइप भरला की मात्र आवाज जड व्हायचा आणि टॅकोमीटर ३२८० वर येऊन बसायचा. वेग आपोआप सांभाळणाऱ्या गव्हर्नरची काडी पाहिली तर तिने थ्रॉटल, म्हणजे कार्बोरेटरमधली झडप, शेवटपर्यंत उघडलेला. यापुढे ताकद हवी असेल तर एकाच मार्गाने मिळणार होती: प्रत्येक सक्शन स्ट्रोकला सिलिंडरमध्ये जाणारी हवा वाढवायची. इंधन काय, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बदलून कितीही ओतता येतं. पण ते जाळायला हवा नसेल तर नुसती काजळी आणि धूर.

इंजिन एका सिलिंडरचं, चार-स्ट्रोक, १९६ सीसीचं. होंडाच्या जीएक्स२०० मुळे ही घडण जगभर पसरली: ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ५४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), आडवा शाफ्ट, वॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात. पंप, टिलर, जनरेटर, गो-कार्ट, जिथे बघाल तिथे हेच किंवा याच्यासारखं इंजिन दिसतं. माझं याच घडणीचं, पण दुसऱ्या कारखान्यातलं.

हिशोब करून पाहिला. ३६०० आरपीएमला मिनिटाला १८०० सक्शन स्ट्रोक. प्रत्येक वेळी १९६ सीसी पूर्ण भरलं तर मिनिटाला सुमारे ३५० लिटर हवा. प्रत्यक्षात असली साधी इंजिनं तेवढी भरत नाहीत, कारण वाट अरुंद आणि वळणावळणाची. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसहा मीटर असतो. पण बोअर ६८ मिमीचा आणि वॉल्व्हच्या खालचा घसा २२ मिमीचा, त्यामुळे तिथे हवेला सेकंदाला सरासरी साठ मीटरने जावं लागतं. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. तेही अखंड नाही. प्रत्येक स्ट्रोकला हवा जवळपास थांबायची, पुन्हा पळायची आणि हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागात. एवढ्या वेगात कास्टिंगचा अर्धा मिमीचा उंचवटासुद्धा हवेला आडवा येतो.

हात लावण्याआधी आधीची स्थिती नीट नोंदवून ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इंजिनाचं काम केलं की कानाला आवाज मोकळा वाटतो, मनाला ताकद वाढल्यासारखी वाटते, आणि माणूस त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून पंपाची उंची, पाइप, डिलिव्हरीचं तोंड, सगळं कायम ठेवलं आणि मोजणी नेहमी सकाळी, जवळपास सारख्याच तापमानाला केली. तापमानाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. २० अंशांची हवा ४० अंशांवर गेली की तेवढ्याच जागेत सहा टक्क्यांहून अधिक कमी हवा मावते. हा फरक माझ्या सगळ्या घासकामाच्या फायद्याएवढा होऊ शकतो. टॅकोमीटर प्लगच्या वायरला गुंडाळायचा असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. या इंजिनांत ठिणगीची वीज तयार करणारा मॅग्नेटो फ्लायव्हीलवर असतो आणि ठिणगी प्रत्येक फेरीला पडते, दोन फेऱ्यांत एकदा नाही. मीटर चार-स्ट्रोकच्या नेहमीच्या सेटिंगवर ठेवला तर आकडा दुप्पट येतो.

सेंट्रिफ्युगल पंपाचा एक गुण इथे फार कामाला आला. त्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आरपीएम पाच टक्के चढवायचा तर ताकद जवळपास सोळा टक्के जास्त लागते. त्यामुळे लोडवरचा आरपीएम पाहून इंजिनाच्या ताकदीचा अंदाज बांधता येतो, ताकद मोजणाऱ्या डायनोची गरज पडत नाही.

सुरुवात टॅपेटपासून, म्हणजे रॉकर आणि वॉल्व्हच्या मधल्या फटीपासून केली. इंजिन थंड असताना, कॉम्प्रेशनचं टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) किंचित ओलांडून, इनटेकला ०.१५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी. किंचित ओलांडून अशासाठी, की यांच्या कॅमवर (वॉल्व्ह उचलणाऱ्या शाफ्टवर) सुरू करताना कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणा असते. ती एक्झॉस्ट वॉल्व्ह जरासा उचलून धरत असेल तर फीलर गेज खोटं माप देतं. टॅपेट सैल असेल तर वॉल्व्ह तेवढा कमी उघडतो. घट्ट असेल तर तो सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या कड्यावर, नीट टेकत नाही, आणि एक्झॉस्टचा वॉल्व्ह सीटवर टेकूनच थंड होत असल्याने तो जळतो.

मग एअर फिल्टर. फिल्टर काढून टाकला की इंजिन पळतं असं ठामपणे सांगणारे खूप भेटतात. मी ते मोजायचं ठरवलं. फिल्टर आणि कार्बोरेटरच्या मधे बारीक भोक पाडून पारदर्शक नळी बसवली, तिचं दुसरं टोक रंगीत पाणी भरलेल्या यू-नळीला जोडलं. इंजिन चालू केल्यावर पाणी नुसतं उड्या मारायला लागलं. माझी भाची वही घेऊन आकडे लिहायला बसली होती. ती म्हणाली, "मामा, पाणी नाचतंय, काय लिहू?" एका सिलिंडरचं इंजिन हवा धक्क्याधक्क्याने ओढतं, त्याचा हा परिणाम. नळीच्या मधे एक रिकामी बाटली जोडली आणि बाटलीच्या तोंडाशी नळी चिमट्याने दाबून तिचं छिद्र सुईएवढं केलं. पाणी स्थिरावलं. धूळ बसलेल्या फिल्टरला पूर्ण लोडवर ६० मिमी पाण्याचा फरक आला, नव्या कागदी फिल्टरला २०.

आता वातावरणाचा दाब म्हणजे १०,३०० मिमीहून अधिक उंच पाण्याचा स्तंभ. त्यातले ६० मिमी म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. नवा फिल्टर तर त्याच्याही एक-तृतीयांश. एवढ्यासाठी फिल्टर फेकून देऊन धूळ थेट बोअरमध्ये घालायची आणि रिंगा झिजवायच्या, हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे. फिल्टर ठेवा, वेळेवर बदला. हे मी अगदी कळकळीने सांगतो, कारण रिंग झिजलेलं इंजिन कितीही घासलं तरी पुन्हा दम धरत नाही.

फिल्टरच्या डब्यात दोष होता तो वेगळाच. डब्यातून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या भोकाची कड सरळ कापलेली, धारदार. धारदार कडेच्या भोकातून हवा शिरते तेव्हा प्रवाह आत शिरल्यावर आक्रसतो आणि भोकाच्या क्षेत्रफळाच्या साधारण साठ टक्केच जागा कामी येते. तीच कड नीट गोल केली तर ही जागा ९७-९८ टक्क्यांपर्यंत जाते. वाटेवरच्या प्रत्येक तोंडाला हे लागू पडतं, आणि यात एक पैसाही खर्च होत नाही. कडेवर इपॉक्सी पुट्टीचा जाड गोलवा चढवला, सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासला. त्याआधी तिथला प्लास्टिकचा गुळगुळीतपणा खरवडून काढला होता, कारण पुट्टीचा तुकडा सुटून इंजिनात जाणं परवडणारं नव्हतं.

हेड काढण्यात विशेष काही नाही. टॅपेट कव्हर, रॉकर, पुशरॉड, चार बोल्ट. कुठला पुशरॉड कुठे होता याच्या खुणा करून ठेवायच्या, एवढंच. खरं काम पुढे होतं, आणि तिथे मी ग्राइंडर हातात घेण्याआधी फ्लो बेंच तयार केला.

फ्लो बेंच म्हणजे हेडमधून ठरावीक ओढीने हवा खेचून किती जाते ते मोजण्याचं साधन. व्यावसायिक बेंचवर बहुधा २८ इंच पाण्याच्या ओढीला मोजतात. माझ्याकडे घरचा व्हॅक्युम क्लीनर होता. प्लायवूडची हवाबंद पेटी केली, वर ६८ मिमी आतल्या व्यासाचा पाइपचा तुकडा बसवला आणि त्यावर हेड. पाइप बोअरएवढाच हवा. वॉल्व्हची एक बाजू सिलिंडरच्या भिंतीजवळ येते आणि तिथे हवेला अडते. मोठ्या पाइपवर हा अडथळा दिसतच नाही आणि आकडे फुगून येतात. पेटी आणि क्लीनरच्या मधे गोल भोक पाडलेला पत्रा लावला. एक यू-नळी पेटीला, दुसरी पत्र्याच्या दोन बाजूंना.

दोन नळ्यांचा फायदा मोठा आहे. क्लीनरची मोटर तापली, व्होल्टेज खाली-वर झालं की ओढ बदलते. पण तीच हवा हेडमधूनही जाते आणि पत्र्याच्या भोकातूनही. म्हणून दुसऱ्या नळीचा आकडा भागिले पहिल्या नळीचा आकडा, आणि त्याचं वर्गमूळ, एवढं काढलं की हेडची वाट किती मोकळी आहे याची तुलना करता येते. ओढ थोडी बदलली तरी गुणोत्तर टिकून राहतं. लिटरमध्ये नेमका आकडा मला नकोच होता. घासण्याआधी आणि नंतर, एवढीच तुलना हवी होती.

वॉल्व्ह उचलायला साधा एम६ बोल्ट. त्याच्या नेहमीच्या आट्यांचा पिच एक मिमी असतो, म्हणजे एक पूर्ण फेरी फिरवली की वॉल्व्ह बरोबर एक मिमी उघडतो. मूळ कडक स्प्रिंग काढून हलकी बसवली आणि रॉकरच्या जागी पट्टी लावून तिच्यातून बोल्ट खाली आणला. इनटेकच्या तोंडाभोवती मॉडेलिंग क्लेचा गोलवा केला, नाहीतर तिथली धारदार कडच मोजली गेली असती. वॉल्व्ह बंद ठेवून आधी गळती पाहिली, फटी क्लेने बुजवल्या.

मग एक मिमीपासून सहा मिमीपर्यंत आकडे घेतले. भाची वाचून सांगत होती, "थांब, अजून खाली येतंय… हं, आता लिहिते."

इथे मला माझं सगळं काम ठरवून देणारी गोष्ट समजली. वॉल्व्ह उघडतो तेव्हा हवा त्याच्या कडेभोवतीच्या फटीतून जाते. त्या फटीचं क्षेत्रफळ म्हणजे वॉल्व्हचा परीघ गुणिले लिफ्ट (वॉल्व्ह जितका उचलला ते अंतर). माझा इनटेक वॉल्व्ह २५ मिमीचा. त्याखालचा घसा २२ मिमीचा, त्यातून वॉल्व्हच्या दांड्याची जागा वजा केली तर साडेतीनशे चौरस मिमीच्या थोडं वर. फटीचं क्षेत्रफळ घशाएवढं व्हायला साडेचार मिमी लिफ्ट लागते. आणि कॅम वॉल्व्हला जास्तीत जास्त सहा मिमीच्या आसपास उचलतो. म्हणजे वॉल्व्ह उघडा असतो त्या काळापैकी बराच मोठा भाग हवा सीटजवळच्या फटीवर अडलेली असते, पोर्टच्या, म्हणजे हेडमधल्या हवेच्या बोगद्याच्या, रुंदीवर नाही. पोर्ट कितीही रुंद केला तरी त्या काळात काडीचा फरक पडणार नाही. उलट पोर्टमधला हवेचा वेग उतरेल, इंधनाचे थेंब भिंतीवर बसतील आणि कमी आरपीएमला इंजिन अडखळेल.

घसा वॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के असावा असं मानतात. माझा ८८ टक्के होता. म्हणजे रुंद करण्यासारखं काहीच नव्हतं. मग अडत होतं कुठे?

बोट घालून पाहिलं. सीटची रिंग ॲल्युमिनियममध्ये ठोकून बसवलेली असते. तिच्या खालच्या कडेला, कटर जिथे थांबला तिथे, एक धारदार पायरी होती. नखाला सहज अडकत होती. वॉल्व्हचा दांडा धरणाऱ्या गाइडचा फुगवटा पोर्टमध्ये बोथट कपाळासारखा पुढे आलेला. आणि पोर्टच्या तळाचं वळण, हवा जिथे आडवी येऊन खाली वळते ती आतली बाजू, कोपऱ्यासारखं टोकदार.

हे वळण पाहायला एक सोपी युक्ती आहे. बारीक तारेच्या टोकाला सुती धाग्याचा दोन सेंटिमीटरचा तुकडा बांधायचा आणि बेंच चालू ठेवून पोर्टमध्ये वेगवेगळ्या जागी धरायचा. छताजवळ धागा ताठ, सरळ वॉल्व्हकडे ताणलेला. मधोमध तसाच. तळाच्या वळणावर आणला आणि तो फडफडायला लागला, मधूनच उलटा वळून माझ्याकडे यायला लागला. भरधाव सायकल वळणावर बाहेर फेकली जाते तशी हवा तिथे तळ सोडून बाहेरच्या बाजूला फेकली जात होती आणि आतल्या बाजूला नुसता भोवरा. वॉल्व्हच्या घेराचा तो भाग जवळपास वाया जात होता. बराच वेळ मी नुसता तो धागा बघत होतो. डोळ्यांना न दिसणारी हवा अशी समोर दिसली की पुढे काय करायचं ते कुणी सांगावं लागत नाही.

ग्राइंडरला ॲल्युमिनियमसाठीचा मोठ्या दात्यांचा कार्बाइड बर (घासायचं फिरतं टोक) लावला. लोखंडासाठीचा बारीक दात्यांचा बर यात लगेच भरून जातो आणि घासण्याऐवजी नुसता तापतो. दाते मोकळे राहावेत म्हणून मधूनमधून मेण लावायचं. गॉगल आणि मास्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ॲल्युमिनियमचा कीस डोळ्यात जाण्याइतका बारीक असतो.

सीटखालची पायरी आधी काढली. रिंग आणि ॲल्युमिनियम एका रेषेत येईपर्यंत, त्यापुढे नाही. तळाच्या वळणाला खाली खणायचं नाही, हे स्वतःला सतत बजावत होतो. तळ खाली गेला की वळण आणखी तीव्र होतं. फक्त कोपरा मोडून त्याची त्रिज्या जमेल तेवढी मोठी करायची. गाइडच्या फुगवट्याला दोन्ही बाजूंनी निमुळतं केलं, पण गाइड स्वतः आखूड केलं नाही, कारण आखूड गाइडमध्ये वॉल्व्ह डुलतो आणि सीट लवकर खराब होते. छताला फक्त कास्टिंगची खरखर काढण्यापुरता हात लावला. पुशरॉडच्या बोगद्याकडची भिंत पातळ असते, तिच्या वाटेला गेलो नाही. वाकवलेल्या तारेच्या कॅलिपरने भिंतीची जाडी पुन्हा पुन्हा तपासत होतो.

कार्बोरेटर आणि हेडच्या मधे उष्णता रोखणारा ठोकळा असतो. त्याचं भोक, गॅसकेटचं भोक आणि हेडचं तोंड एकावर एक ठेवून मार्किंग ब्लूने छाप घेतला. गॅसकेट एका बाजूला मिमीभर आत आलेलं. ते कापलं, हेडचं तोंड ठोकळ्याशी जुळवलं. इनटेकमध्ये प्रवाहाच्या दिशेने पुढची कड आत आलेली नसावी. एक्झॉस्टमध्ये पुढचा पाइप किंचित मोठा असला तर चालतं.

इनटेकचा शेवटचा हात ८० नंबरच्या पेपरने दिला आणि तिथेच थांबलो. आरशासारखा चकचकीत इनटेक फोटोत शोभतो. प्रत्यक्षात भिंतीवर थोडा खरखरीतपणा असला की तिथे बसलेलं पेट्रोल पुन्हा हवेत उचललं जायला मदत होते. एक्झॉस्टला इंधनाचा प्रश्न नाही, तिथे मात्र बारीक पेपरने गुळगुळीत केलं, म्हणजे काजळी कमी धरेल.

सीटला हात लावण्याआधी हेड पुन्हा बेंचवर ठेवलं. कशाने काय बदललं हे मला वेगवेगळं हवं होतं. एक-दोन मिमी लिफ्टला आकडे जवळपास जसेच्या तसे. पाच मिमीला सहा टक्के वाढ. धागा तळाच्या वळणावर अजून थोडा थरथरत होता, पण उलटा फिरत नव्हता.

आता सीट. हाताने फिरवायच्या कटरने ४५ अंशांची मुख्य सीट, तिच्या वर ३० अंशांचा आणि खाली ६० अंशांचा काप. हवेला एकदम वळावं लागू नये, टप्प्याटप्प्याने वळावं, हा या तीन कोनांचा हेतू. सीटची रुंदी इनटेकला एक मिमीच्या आसपास ठेवली, एक्झॉस्टला किंचित जास्त, कारण त्या वॉल्व्हची उष्णता सीटमधूनच बाहेर जाते. इनटेक वॉल्व्हच्या पाठीमागची जाड कड लेथवर ३० अंशांत उतरवून घेतली. कटरचा दाब अगदी हलका ठेवायचा आणि फेरी पूर्ण करायची. अर्ध्यावर थांबलं की सीटवर लाटा उठतात.

शेवटी ग्राइंडिंग पेस्ट लावून वॉल्व्ह घासले, दोन्हीकडे अखंड राखाडी कडं उमटेपर्यंत. पोर्टमध्ये रॉकेल ओतून हेड उपडं ठेवलं. बराच वेळ झाला तरी चेंबरमध्ये ओल आली नाही. काम सुरू करण्याआधी हीच चाचणी घेतली होती तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूने काही मिनिटांत रॉकेल पाझरलं होतं. घासकामाच्या गप्पांत ही गोष्ट मागे पडते. वॉल्व्ह गळत असेल तर आत घेतलेली हवा दाबली जाण्याआधीच निसटते.

बेंचवर पुन्हा आकडे घेतले. दोन मिमीला मूळ आकड्यापेक्षा ११ टक्के वाढ, तीनला ९, पाचला ७. सगळ्यात कमी धातू ज्या जागी निघाला होता, सीटच्या त्या दोन-तीन मिमीच्या पट्ट्यात, सगळ्यात जास्त कमाई झाली होती.

कार्बोरेटरची वेंच्युरी मात्र मी मोठी केली नाही. ती साधारण १५ मिमीची भरली, म्हणजे सगळ्या वाटेतली ती सर्वांत अरुंद जागा. दिसायला तोच मोठा अडथळा वाटतो. पण वेंच्युरी मुद्दाम अरुंद असते. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबानेच जेटमधून पेट्रोल वर खेचलं जातं. शिवाय तिच्या पुढचा भाग सावकाश रुंद होत जातो, त्यामुळे उतरलेला दाब बराचसा परत मिळतो. वॉल्व्हपाशी भोवऱ्यात गेलेला दाब परत मिळत नाही. म्हणून अरुंद असूनही वेंच्युरीपेक्षा वॉल्व्हपाशी वेळ घालवणं मला रास्त वाटलं.

हेड गरम पाण्याने आणि साबणाने घासून धुतलं, प्रत्येक भोकातून हवा मारली, पुन्हा धुतलं. कीसाचा एक कण राहिला तर तो बोअरला ओरखडा पाडतो. नवं गॅसकेट, बोल्ट तिरक्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने २४ न्यूटन-मीटरपर्यंत. टॅपेट पुन्हा सेट.

इंजिन पहिल्या ओढीतच लागलं, पण लोडवर आरपीएम वर-खाली व्हायला लागला. हे मिक्श्चर पातळ असल्याचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असल्याचं लक्षण. खात्रीसाठी लोडवर असताना चोक हलकेच एक-चतुर्थांश लावून पाहिला. आरपीएम पडण्याऐवजी चढला. मिक्श्चर बरोबर असतं तर चोकने इंजिन दबलं असतं. अशा इंजिनांत मिक्श्चर मुळातच पातळ बाजूला ठेवलेलं असतं, आणि आधी जे कसंबसं निभावत होतं ते आता पुरेना. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. पण जास्तीत जास्त ताकद साडेबारा-तेराच्या आसपास मिळते. लोडवर पातळ मिक्श्चर चालवत राहणं म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्ह आणि पिस्टन भाजून काढणं.

जेटवरचा क्रमांक हा भोकाच्या व्यासाचा, मिमीच्या शंभराव्या भागात. ७२ च्या जागी ७५ बसवला. व्यासात चार टक्क्यांचा फरक, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, म्हणून साडेआठ टक्के. जुन्या जेटला ड्रिल मारून भोक मोठं करण्याच्या फंदात पडलो नाही. तिथली कड ओबडधोबड झाली की क्रमांकाला काही अर्थ राहत नाही. लोडवर चालवून इंजिन तिथेच बंद केलं आणि प्लग काढून पाहिला. आधी पांढुरका असलेला पोर्सिलेन आता फिकट तपकिरी. चोक लावला की आरपीएम आता पडत होता.

सायलेन्सर मूळचाच ठेवला. त्याच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी जाळी असते, तिच्यावर काजळी साचून निम्मी भोकं बुजलेली होती, ती ब्रशने साफ केली. उघडा पाइप लावण्यात मला काही तथ्य दिसत नाही. या कॅममध्ये दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ फारच थोडा. त्यामुळे पाइपच्या लांबीची जादू इथे चालत नाही, कान मात्र फुटतात.

गव्हर्नर काढण्याचा सल्लाही हमखास मिळतो, आणि तो मला धोकादायक वाटतो. कनेक्टिंग रॉडवर येणारा पिस्टनचा हिसका आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ३६०० चं इंजिन ५४०० ला नेलं तर तो सव्वादोन पट होतो. मूळ रॉड आणि मूळ फ्लायव्हील त्यासाठी बनवलेले नसतात. फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे आजूबाजूच्या माणसांवर येतात. ज्यांना वरच्या आरपीएमला पळवायचंच आहे ते आधी बिलेट, म्हणजे अखंड धातूतून कोरलेले, रॉड आणि फ्लायव्हील बसवतात. माझं काम ३६०० च्या आतलं होतं आणि गव्हर्नर जागेवरच राहिला.

तशाच सकाळी, त्याच पाइपवर, डिलिव्हरी पूर्ण उघडून आरपीएम ३४०० वर स्थिरावला. १२० चा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. घनाच्या हिशोबाने मात्र तो पंपाला मिळणाऱ्या ताकदीत ११ टक्क्यांची वाढ आहे. त्यात फिल्टरचा, पोर्टचा, सीटचा, गळती थांबल्याचा आणि जेटचा वाटा वेगवेगळा करून सांगता येणार नाही. बेंचवरचे आकडे पाहता सीटचा आणि गळतीचा वाटा मोठा असणार असं माझं मत आहे.

नव्याने कापलेल्या सीट काही तास चालल्यावर थोड्या बसतात, वॉल्व्ह तेवढा वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. म्हणून दोन टाक्या पेट्रोल जळाल्यावर, इंजिन रात्रभर थंड ठेवून कव्हर उघडलं. इनटेक ०.१५ वर जसंच्या तसं. एक्झॉस्टला ०.२० चं पातं जाईना, ०.१७ चं गेलं. ते परत ०.२० वर आणलं, नट आवळून पुन्हा एकदा पातं फिरवून पाहिलं आणि कव्हर लावलं. आणखी दोन टाक्यांनंतर हेच पुन्हा तपासायचं आहे.